पांढरे धागे दिसले, पण ते डीएनएच कशावरून?

फ्लॉवरचे दोन-चार तुरे, थोडं मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण, चहाची गाळणी आणि औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. एवढ्या सामानावर एका तासिकेत भाजीच्या पेशींतला डीएनए बाहेर काढता येतो, आणि तोही सूक्ष्मदर्शकाशिवाय डोळ्यांना दिसेल असा. सीबीएसईच्या बारावीच्या जीवशास्त्रात हे प्रात्यक्षिक आहेच; पालक, मटार, पपई अशी नावं त्यात सुचवलेली आहेत. विज्ञान प्रदर्शनांत तर माध्यमिक शाळेतली मुलंही ते हौसेनं करून दाखवतात. परीक्षानळीत पांढुरके धागे तरंगू लागले की सगळे खूश होतात, वहीत ‘निष्कर्ष : डीएनए मिळाला’ असं लिहिलं जातं आणि प्रयोग संपतो.

खरं तर तो तिथून पुढे रंगायला हवा. नळीत जे पांढरं दिसतंय ते डीएनएच आहे, हे कशावरून? प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही. याच प्रश्नाचं पटेल असं उत्तर मिळवायला जीवशास्त्राला पाऊणशेहून जास्त वर्षं लागली. आणि शाळेतल्या नळीपुरतं बोलायचं, तर खरं उत्तर बऱ्याचदा ‘काही अंशी’ एवढंच असतं.

कृती आणि कारणं

आधी कृती. ९० मिलिलिटर पाण्यात १० मिलिलिटर लिक्विड साबण आणि अर्धा चमचा, म्हणजे २-३ ग्रॅम मीठ, फेस न आणता मिसळायचं. ५० ग्रॅम फ्लॉवर खलबत्त्यात बारीक ठेचायचा किंवा थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काही सेकंद फिरवायचा. लगद्यात साबण-मिठाचं पाणी घालून हलक्या हातानं ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. गाळलेला रस परीक्षानळीत घेऊन त्यावर तेवढंच थंडगार अल्कोहोल नळीच्या कडेनं हळूच सोडायचं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते वर राहतं आणि दोन थरांच्या सीमेवर काही मिनिटांत पांढरे धागे जमू लागतात.

यातली प्रत्येक पायरी एकेक अडथळा दूर करते. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भक्कम पेशीभित्तिका असते. साबणाला ती दाद देत नाही, म्हणून ती ठेचूनच मोडावी लागते. आतलं पेशीपटल आणि केंद्रकाचं पटल मात्र मेदद्रव्यांचं असतं. ताटाचा तेलकटपणा साबण ज्या रीतीनं काढतो, त्याच रीतीनं तो ही पटलं विरघळवतो. शिवाय डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांची पकडही तो सैल करतो.

मिठाचं काम विद्युतभाराचं आहे. डीएनएच्या कण्यावर ओळीनं फॉस्फेटचे गट असतात आणि त्या प्रत्येकावर ऋणभार असतो. त्यामुळे डीएनएचे रेणू एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात सुखानं विरघळून राहतात. मिठातले सोडियमचे धनभारित आयन या ऋणभारांभोवती जमतात. तरीही पाणी मध्ये असेपर्यंत त्यांचं बस्तान पक्कं बसत नाही, कारण भारित कणांमधलं आकर्षण कमकुवत करण्यात पाणी फार पटाईत आहे. अल्कोहोलमध्ये ही ताकद बरीच कमी असते. अल्कोहोल मिसळलं की सोडियम फॉस्फेटला घट्ट चिकटतो, भार झाकला जातो, रेणूंमधलं अपाकर्षण संपतं आणि ते एकमेकांना बिलगून द्रावणाबाहेर पडतात. मीठ नसेल तर अल्कोहोल एकटं पडतं, आणि अल्कोहोल नसेल तर मीठ.

एक अडथळा मात्र डोळ्यांना दिसत नाही. पेशी फुटली की तिच्यातलीच काही विकरं, म्हणजे डीएनेझ, डीएनएचे तुकडे करायला लागतात. म्हणून काही शिक्षक लगदा ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवतात आणि लगेच बर्फात घालतात. उष्णतेनं भित्तिका मऊ पडते आणि बरीचशी विकरं निकामी होतात. थंडीत उरलेल्यांचा वेग मंदावतो. संशोधन प्रयोगशाळांत यासाठी ईडीटीए वापरतात. या विकरांना कामासाठी मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच पकडून ठेवतं.

अल्कोहोलची निवड हा आपल्याकडच्या शाळांचा नेहमीचा पेच. शुद्ध इथेनॉलवर उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, त्यामुळे शाळेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोयीचं पडतं. बाटलीवर ९० टक्क्यांहून अधिक तीव्रता लिहिलेली हवी. सॅनिटायझरनं हा प्रयोग फसतो. त्यात पाणी बरंच असतं आणि कधी कधी जेल होण्यासाठी घातलेली द्रव्यंही. बाटली घरातल्या फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा बर्फ आणि मीठ घातलेल्या डब्यात बुडवून थंड करावी, आणि वर्गात तेव्हा एकही बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा पेटलेला नसावा.

हलक्या हाताची किंमत

धागे आले की मुलांचा हात नळी हलवायला शिवशिवतो. ते टाळायचं. डीएनएचा रेणू विलक्षण लांब आणि विलक्षण बारीक असतो. त्याची जाडी २ नॅनोमीटर, तर माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएची एकूण लांबी सुमारे २ मीटर. जोरानं हलवलं की हे धागे तुटतात, आणि तुकडे आखूड झाले की काचेच्या कांडीवर गुंडाळले जात नाहीत. कांडीवर धागे गुंडाळून घेण्याच्या या पद्धतीला पाठ्यपुस्तकात ‘स्पूलिंग’ म्हणतात.

या नाजूकपणाला इतिहासात मोठा भाव मिळाला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथले रसायनतज्ज्ञ रुडोल्फ सिग्नर यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून डीएनए इतक्या जपून काढला की त्याचे रेणू फारच लांब राहिले. १९५० साली लंडनच्या एका बैठकीत त्यांनी तो डीएनए इतर शास्त्रज्ञांना वाटून टाकला. त्यातला काही किंग्ज कॉलेजमध्ये मॉरिस विल्किन्स यांच्याकडे आला. ओलसर डीएनएमधून कांडी हळूच वर ओढली की एकसारखा लांब धागा निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं. अशाच धाग्यांवर क्ष-किरण टाकून रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये ‘फोटो ५१’ या नावानं प्रसिद्ध झालेलं चित्र मिळवलं. १९५३ च्या एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेल्या रचनेला ज्या पुराव्यांचा आधार होता, त्यांत हे चित्र महत्त्वाचं ठरलं. काढणाऱ्याचा हात धसमुसळा असता तर असा लांब धागा हाती आलाच नसता.

स्ट्रॉबेरीचं गणित

या प्रयोगासाठी जगभर सगळ्यात लोकप्रिय फळ म्हणजे स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीमुळे ते आपल्याकडेही हिवाळ्यात सहज मिळतं. स्ट्रॉबेरीच का, याचं ठरलेलं उत्तर असं : माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, स्ट्रॉबेरीत आठ, म्हणून तिच्यात डीएनए भरपूर. ऐकायला पटतं. पण आकडे मांडले की ते डळमळतं.

लागवडीच्या स्ट्रॉबेरीत ५६ गुणसूत्रं असतात, आठ संचांत प्रत्येकी सात. पण प्रत्येक संच अगदी छोटा आहे. आठही संच धरून तिच्या केंद्रकात डीएनएच्या सुमारे १.६ अब्ज बेस-जोड्या, म्हणजे त्याच्या पीळदार जिन्याच्या पायऱ्या, भरतात. आपल्या बाजारात मिळणाऱ्या केळ्यात तीनच संच, ३३ गुणसूत्रं, पण एकूण जोड्या जवळपास तेवढ्याच, दीड अब्जाच्या आसपास. माणसाच्या पेशीत दोनच संच असून सहा अब्जांहून जास्त जोड्या. आणि कांदा? कांद्यात दोन संच, फक्त १६ गुणसूत्रं, आणि जोड्या सुमारे ३२ अब्ज! एका जोडीमागे लांबी ०.३४ नॅनोमीटर धरली, तर कांद्याच्या एका पेशीत जवळपास ११ मीटर डीएनए कोंबलेला असतो आणि स्ट्रॉबेरीच्या पेशीत जेमतेम अर्धा मीटर. लासलगावच्या बाजारातला कुठलाही कांदा या बाबतीत स्ट्रॉबेरीच्या वीसपट आहे, आणि आपल्या पाचपट. डीएनए जास्त म्हणून जीव जास्त गुंतागुंतीचा, हा समजही इथेच निकालात निघतो.

मग वर्गात कांद्याचे धागे स्ट्रॉबेरीच्या वीसपट का येत नाहीत? कारण आपण पेशी मोजून घेत नाही, वजन करून घेतो. पिकलेल्या फळाच्या किंवा कांद्याच्या पेशी मोठ्या असतात आणि त्यांचा बहुतेक भाग पाण्यानं भरलेल्या रिक्तिकेनं व्यापलेला असतो. वजन पाण्याचं, केंद्रक पेशीमागे एकच. त्यामुळे एका ग्रॅममध्ये पेशी किती, हा प्रश्न एका पेशीत डीएनए किती याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

फ्लॉवरची बाजू इथे भक्कम आहे. त्याच्या केंद्रकात जोड्या स्ट्रॉबेरीपेक्षाही कमी, सव्वा अब्जाच्या आसपास. पण आपण खातो तो पांढरा, रवाळ भाग म्हणजे फुलं होण्याआधीच थबकलेल्या असंख्य कोंबांचा पुंजका असतो. ती विभाजी ऊती आहे : पेशी बारीक, रिक्तिका छोट्या, आणि केंद्रकानं पेशीची बरीच जागा व्यापलेली. तुऱ्याचा फक्त वरचा रवाळ थर सुरीनं खरवडून घेतला तर देठासकट ठेचण्यापेक्षा कितीतरी चांगला परिणाम मिळतो. मटाराच्या दाण्यांचीही गोष्ट जवळपास अशीच. त्यांच्या पेशींत स्ट्रॉबेरीपेक्षा पाणी कमी आणि ऐवज जास्त.

पांढऱ्यात आणखी काय काय

स्ट्रॉबेरी आणि केळ्यातून एवढं मोठं, गुबगुबीत पांढरं काही वर येतं, त्यात डीएनए असतो. पण तो एकटा नसतो. पेरूची जेली करणाऱ्यांना हे कोडं सुटायला वेळ लागणार नाही. रसात पेक्टिन पुरेसं आहे का ते पाहायला ते थंड केलेल्या चमचाभर रसात स्पिरिट घालतात. पेक्टिन भरपूर असेल तर लगेच घट्ट पांढुरका गोळा जमतो. हा रस अर्थातच नंतर फेकून देतात. म्हणजे अल्कोहोलनं डीएनए जसा बाहेर येतो, तसंच पेक्टिनही येतं.

यात एक गंमत आहे. फळ पिकताना त्याची स्वतःची विकरं पेशीभित्तिकांमधलं पेक्टिन सैल करतात, म्हणून फळ मऊ पडतं. या मऊपणामुळेच पिकलेलं फळ ठेचायला सोपं जातं, आणि म्हणूनच ते प्रयोगाला चांगलं मानलं जातं. पण सैल झालेलं पेक्टिन रसात उतरतं, गाळणीतून सहज निसटतं आणि अल्कोहोल ओतल्यावर डीएनएबरोबर वर येतं. फळ जितकं सोयीचं, तितका नळीतला ऐवज संशयास्पद.

हिशेब करूनही हेच दिसतं. संशोधन प्रयोगशाळेत नीट पद्धतीनं काढलं तर एक ग्रॅम पानांतून सर्वसाधारणपणे काही दहा मायक्रोग्रॅम डीएनए हाती लागतो. त्या हिशेबानं ५० ग्रॅम भाजीतून फार तर काही मिलिग्रॅम निघेल. पाणी धरून फुगल्यामुळे एवढासा डीएनएसुद्धा नळीत बराच दिसतो हे खरं, पण चमचाभर जेलीसारखा गोळा केवळ त्याचा असू शकत नाही. पेक्टिन, काही प्रथिनं आणि आरएनए हे त्याचे सोबती असतातच.

आणखी एक खुलासा मुलांना आधीच करून ठेवावा. पुस्तकातला पीळदार जिना इथे दिसणार नाही. २ नॅनोमीटर जाडीचा रेणू साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. लांबून कापसाचा एकेक तंतू दिसत नाही पण पेळू दिसतो, तसे असंख्य रेणू एकत्र गोळा झाल्यावरच ते आपल्या नजरेत येतात.

हाच प्रश्न, दीडशे वर्षांपूर्वी

१८६९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे, किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर पुवानं माखलेल्या पट्ट्या धूत बसला होता. जवळच्या शल्यचिकित्सालयातून त्या येत. पुवातल्या पांढऱ्या पेशींची केंद्रकं त्याला वेगळी करायची होती. त्यांतून जो पदार्थ निघाला तो कुठल्याच माहीत असलेल्या पदार्थासारखा नव्हता. डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिननं प्रथिनं पचत होती, हा पदार्थ पचत नव्हता. त्यात फॉस्फरस भरपूर होता. मीशरनं त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. त्याचे गुरू फेलिक्स होपे-झायलर यांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी स्वतः प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि मगच १८७१ मध्ये तो निबंध छापला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओसवाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ साली आणखी पुढचा प्रश्न सोडवला. न्यूमोनियाच्या जिवाणूंच्या एका प्रकाराचा अर्क दुसऱ्या प्रकाराचे गुणधर्म कायमचे बदलतो, हे माहीत होतं. अर्कातला नेमका कुठला घटक ते करतो? शुद्ध केलेल्या अर्कात अल्कोहोल घातल्यावर तंतू बाहेर येऊन ढवळायच्या कांडीभोवती गुंडाळले जात होते. आपल्या वर्गात दिसतं तेच दृश्य. पण त्या तिघांनी दृश्यावर भरवसा ठेवला नाही. प्रथिनं मोडणारी विकरं घातली, तरी अर्काचं काम चालूच राहिलं. आरएनए मोडणारं विकर घातलं, तरीही चालू. डीएनए मोडणारं विकर घातलं, आणि काम थांबलं.

तरी सगळ्यांचं समाधान झालं नाही. त्याच संस्थेतले आल्फ्रेड मर्स्की म्हणत राहिले की नमुन्यात प्रथिनाचा थोडासा अंश उरला असेल आणि खरं काम तोच करत असेल. हा आक्षेप आज चुकीचा ठरला आहे, पण तो गैरवाजवी नव्हता. नमुना किती शुद्ध आहे, हेच मर्स्की विचारत होते. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी विषाणूंचा डीएनए आणि प्रथिनं किरणोत्सारी खुणा लावून वेगवेगळी ओळखली, तेव्हा कुठे पारडं नक्की झुकलं. विषाणूंची रिकामी कवचं जिवाणूंपासून सुटी करायला त्यांनी चक्क मिक्सर वापरला होता.

वर्गात पुरावा कसा गोळा करायचा

एव्हरींची विकरं शाळेत नसतात, पण त्यांची रीत वापरता येते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका परीक्षानळीऐवजी पाच घ्या. पहिलीत पूर्ण कृती. दुसरीत भाजी सोडून सगळं; साबण-मिठाच्या पाण्यावर नुसतं अल्कोहोल ओतल्यावर पांढरं काही आलं, तर ते मीठ किंवा साबण आहे हे उघड. तिसरीत साबण वगळायचा. पटलं न विरघळल्यामुळे डीएनए फारसा बाहेर पडायला नको. तरीही गोळा आला तर तो बहुधा पेक्टिनचा. चौथीत मीठ वगळायचं. इथे थोडे धागे येऊ शकतात, कारण भाजीत तिचे स्वतःचे क्षार असतातच. पाचवीत पेरू शिजवून गाळलेला रस. त्यात पेक्टिन कसं दिसतं ते कळेल. पेक्टिन साधारणपणे बुळबुळीत गोळ्यांत येतं आणि डीएनए कांडीला गुंडाळणाऱ्या तंतूंत, हा फरक मुलांनी स्वतः पाहिला की पहिल्या नळीकडे त्यांची नजर बदलते.

प्रथिनं कमी करायची असतील तर साबणाच्या पायरीनंतर ताज्या अननसाचा थोडा रस घालून पाहावा. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. डबाबंद रस चालत नाही. तो उष्णतेतून गेलेला असतो आणि विकर निकामी झालेलं असतं. मीशरचं पेप्सिन जे करत होतं तेच काम इथे अननस करतो.

वरच्या वर्गांसाठी रासायनिक परीक्षाही आहे. डायफिनिलअमाइनच्या अभिकर्मकाबरोबर नमुना उकळत्या पाण्यात ठेवला की डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज शर्करेमुळे निळा रंग येतो. पेक्टिनमध्ये ही शर्करा नसते, त्यामुळे ते निळं होत नाही. या अभिकर्मकात तीव्र आम्लं असल्यामुळे ही परीक्षा शिक्षकांनीच करून दाखवावी. महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर अतिनील प्रकाशही साक्ष देतो. डीएनए २६० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक शोषण करतो, तर प्रथिनं २८० च्या आसपास. या दोन शोषणांचं गुणोत्तर १.८ च्या जवळ असेल तर नमुन्यात प्रथिनं कमी आहेत असं मानतात.

शाळेतली ही अडचण मोठ्या प्रयोगशाळांनाही चुकलेली नाही. आंबा, द्राक्ष यांच्या पानांत पॉलिफेनॉल आणि पिष्टमय-चिकट शर्करा इतक्या असतात की डीएनए तपकिरी पडतो किंवा चिकट होऊन पुढच्या चाचण्यांना निरुपयोगी ठरतो. म्हणून वनस्पतींसाठी सीटॅब नावाचा वेगळा साबणासारखा पदार्थ आणि शाळेतल्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ वापरण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. जास्त मिठात या शर्करा द्रावणातच राहतात आणि डीएनए बऱ्यापैकी एकटा बाहेर येतो. बासमतीत दुसऱ्या तांदळाची भेसळ आहे का, हे डीएनएवरून तपासणाऱ्या प्रयोगशाळेचीही पहिली पायरी ठेचणं, साबण, मीठ आणि अल्कोहोल हीच असते. नमुना अशुद्ध निघाला तर पुढचं महागडं यंत्रसुद्धा चुकीचं उत्तर देतं किंवा मुळीच देत नाही.

म्हणून वहीतला निष्कर्ष थोडा बदलायला हवा. ‘डीएनए मिळाला’ याऐवजी ‘अल्कोहोलमध्ये न विरघळणारा तंतुमय पदार्थ मिळाला, साबणाशिवाय तो जवळजवळ आला नाही, भाजीशिवाय आला नाही, पेरूच्या पेक्टिनपेक्षा तो वेगळा दिसला, म्हणून त्यात डीएनए असण्याची शक्यता मोठी आहे’ असं विद्यार्थ्यानं लिहिलं, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि तोंडी परीक्षेत डीएनएची व्याख्या विचारण्यापेक्षा एवढंच विचारावं : तिसऱ्या नळीत काय दिसलं, आणि त्यावरून तुला काय म्हणता येतं?